अप्पांचा भोंगा
आमचं मालक मल्लप्पा. घेतलं नाव, आता या वयात मला कोण बोलतंय! सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या चादरीच्या व्यापाऱ्याची मोटार चालवायचं. सोलापुरी चादरीनं भागत न्हाय असं काम जगात न्हाय, हे त्यांचं ठाम मत. माझं गुडघं दुखलं तरी चादर, छप्पर गळलं तरी चादरच.

मोटारीचा सायलेन्सर सदा फुटका. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की आमची कमल तव्यावर भाकरी टाकायची.

चौऱ्याहत्तर साली कमलचं लगीन होऊन ती करकंबला गेली. पहिल्या पंचमीला बाप व्यापाऱ्याची मोटार मागून लेकीला आणाय मुराळी म्हणून निघालं, मीबी हट्टानं मोटारीत बसले. व्याह्यांचा निरोप होता, दिवेलागणीच्या आत आलात तर सून धाडू, न्हाईतर पंचमी हितंच करंल. शब्दाला लई कडक माणसं.

पण मालकांना लाज आवाजाची. व्याह्यांच्या दारात गिरणीचा भोंगा वाजवत जायचं व्हय, म्हणाले. सायलेन्सरला पत्रा गुंडाळून तारेनं आवळला. पायाला झळ लागू नये म्हणून वर ॲस्बेस्टॉसचा पत्रा असतो, तो कधीच गळून पडलेला. तितं काय कोंबलं असंल? चादर! आवाज बसला, मालक पंढरपूरपातुर गुणगुणत होते.

पंढरपूर सोडलं अन् माझं तळवं भाजाय लागलं. मी म्हटलं, धूर येतोय. ते म्हणाले, कुणाचीतरी चूल पेटली असंल. मग पायाखालूनच धूर निघाला की! मोटार थांबवून मालक खाली शिरले, जळती चादर ओढली. तिच्यासंगट तार तुटली, पत्राबी उडून गवतात पडला. हात पोळले. दिवस कलला होता, अन् मालक पत्रा शोधत बसले. माझं डोस्कंच फिरलं.

"पत्रा न्यायचाय का लेक आणायचीय?"

मालक पत्रा सोडून उठले. मी पाय सीटवर घेतलं अन् आमी सुटलो, असलं गर्जत की गाड्याचं बैल उधळलं. मला हसू आवरंना.

दारात उतरलो तर अंधार पडलेला. देवापुढं दिवा मात्र न्हाय. विहीणबाई हातात काडीपेटी घेऊन उभ्या, गालात हसत.

"मगाशीच लावणार होते. तुमची लेक म्हणाली, थांबा आत्याबाई, अप्पा आलं. आमाला तर कायबी ऐकू आलं न्हवतं."

आतून तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला.