कबरस्तानचा रस्ता आणि आमचे साहेब

आमच्या मंडळीचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. मंडळी म्हणजे तासगावच्या अलीकडच्या एका गावातली तीसेक ख्रिस्ती घरं, पत्र्याचं छप्पर असलेलं एक चर्च आणि गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडं एक कबरस्तान. माणसं जगत होती गावात आणि पुरली जात होती ओढ्यापलीकडं. मधल्या तीनशे पावलांना रस्ता नव्हता. उन्हाळ्यात मरणाऱ्यांची काही तक्रार नव्हती. पावसाळ्यात मरणं मात्र आमच्याकडं बेजबाबदारपणाचं लक्षण होतं.

माझे वडील, आप्पा, नेमके श्रावणात गेले. आयुष्यभर वक्तशीर माणूस, इथं तेवढा चुकला. पेटी खांद्यावर घेऊन आम्ही सहाजण ओढ्याकाठच्या चिखलातून निघालो. गुडघाभर चिखल. माझ्या पुढचा चुलतभाऊ घसरला, पेटी एका कोपऱ्यावर आपटली आणि आतून धप्प असा आवाज आला. तो आप्पांचा आवाज होता. आई मागून चालत होती आणि तिनं तो ऐकला.

घरी आल्यावर तिनं पाय धुतले, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "दादा, मला तसं नेऊ नगंस."

एवढंच. रडणं नाही, ओरडणं नाही. आई माहेरची औंधाकडची, दुष्काळी भागातली. तिकडची माणसं पाणी आणि शब्द दोन्ही जपून वापरतात. मी तिला शब्द दिला की रस्ता होईल. ती म्हणाली, "मी देवाला सांगती." मी मनात म्हणालो, देवाला तू सांग, पण सही कुणाची लागते ते मला माहीत आहे. हायस्कुलात तीस वर्षं कारकुनी केलेल्या आणि गावानं उगाच 'मास्तर' म्हटलेल्या माणसाला अर्ज, जावक क्रमांक आणि वजनदार माणूस एवढ्या तीन गोष्टींवर विश्वास असतो. रविवारी मी चौथ्यावर विश्वास असल्याचं उभा राहून म्हणत असे, मोठ्यानं म्हणत असे.

वजनदार माणूस म्हणजे आमच्या भागातले साहेब. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. मधल्या काळात त्यांचा पक्ष बदलला, चिन्ह बदललं, मतं बदलली; केसांचा काळा रंग तेवढा कायम राहिला. साताऱ्याला त्यांची बैठक आहे असं कळल्यावर आम्ही तीन पंच पहिल्या एस.टी.नं साताऱ्याला गेलो. विश्रामगृहाच्या पायरीवर चार तास बसलो. मग शिपायानं दया येऊन सांगितलं की साहेब मागच्या दारानं कधीच सांगलीला गेले. आम्ही सांगलीला आलो. तिथं कळलं, साहेब परत साताऱ्याला निघालेत. दोन्ही जिल्ह्यांनी मिळून आमच्या हातावर तुरी दिल्या. तरी परतीच्या गाडीत मी बाकीच्या दोघांना म्हणालो, "बघा, केवढा कामाचा माणूस आहे, एका जागी बसतच नाही."

शेवटी त्यांच्या पी.ए.नं कळवलं की साहेब नाताळला आमच्याकडं येतील, साडेदहाला. निवडणूक जवळ आली होती, पण तो योगायोग समजायची माझी तयारी होती. मी चर्चला चुना मारून घेतला. वेदीजवळची पाळकांची खुर्ची साहेबांसाठी ठेवली आणि पाळकांना बाकावर बसवलं. आमचे पाळक तरुण होते, आमच्याकडचा त्यांचा पहिलाच नाताळ. सेक्रेटरीचं ऐकावं लागतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

आमच्यात एक रीत आहे. उपासनेच्या शेवटी पाळक हात वर करून आशीर्वचन देतात, त्याच्याआधी कुणी जागा सोडत नाही. पोर रडलं, भूक लागली, चुलीवर भात करपला, तरी नाही. साडेदहा झाले, साहेब आले नाहीत. उपासना संपत आली. आशीर्वचन दिलं की लोक उठणार, घरोघरी मटण शिजत होतं, मग साहेबांना दाखवायचं काय? पत्रे? मी पाळकांना चिठ्ठी पाठवली: आशीर्वचन थांबवा.

त्यांनी थांबवलं. उपदेश लांबवला. मेंढपाळ गोठ्यापर्यंत पोचून पुन्हा रानात गेले आणि पुन्हा आले. नाताळची सगळी गीतं झाली, काही दोनदा झाली. मग बाजाच्या पेटीवाल्यानं नाइलाजानं दुःखसहनाची गीतं काढली. सकाळी नऊला गोठ्यात जन्मलेल्या बाळाला आम्ही बाराच्या आत वधस्तंभावर चढवलं. लहान मुलं बाकाखाली झोपली. म्हाताऱ्यांच्या चुळबुळीनं बाकं करकरू लागली. एक वाजता माझी आई काठी टेकत उभी राहिली आणि भर चर्चमध्ये म्हणाली,

"पाळकसाब, देव आला न्हवं का?"

पाळक गोंधळले. म्हणाले, "होय आई, देव तर आहेच."

"मग आनि कुनाची वाट बगताय? द्या की आशीर्वाद. लेकरं उपाशी हायती."

पाळकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली: नाही. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण तेवढ्या लोकांसमोर, वेदीकडं तोंड करून केलेली ती एकच.

साहेब सव्वादोनला आले. चौदा माणसं, चार गाड्या, एक फोटोग्राफर. पाळकांच्या खुर्चीत बसले. "प्रभू येशूंनी दाखवलेल्या मार्गावरच मी चालतो आहे," म्हणाले. तोवर त्या मार्गावर तीन पक्ष लागले होते. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "सेक्रेटरी, तुमचा रस्ता झाला म्हणून समजा." टाळ्या मी सुरू केल्या. साहेबांनी अर्धी करंजी खाल्ली, सात मिनिटांत गेले, आणि त्यांच्या गाड्या बघायला सगळे बाहेर पडले. पाळकांनी आशीर्वचन दिलं तेव्हा आत आठ माणसं होती. त्यात आई होती. मी नव्हतो, मी शेवटच्या गाडीचं दार लावत होतो.

महिन्याभरात डांबरी सडकेला फलक लागला. 'दफनभूमी रस्ता, काम मंजूर', खाली साहेबांचा हात जोडलेला फोटो. रस्त्याच्या आधी फलक येतो हे मला माहीत होतं, बारशाच्या आधी पाळणा आणतात तसंच ते. मी मंडळी गोळा करून फलकाखाली उपकारस्तुतीची प्रार्थना घेतली. आई आली नाही, पाय दुखतात म्हणाली. निवडणूक झाली. साहेब निवडून आले आणि काही काळानं सगळा गोतावळा घेऊन पलीकडच्या पक्षात गेले. मग जुना फलक काढून नव्या चिन्हाचा फलक लागला, तेच काम, तोच फोटो. मी अर्ज करत राहिलो आणि पी.ए. माझ्या कोपराला गूळ लावत राहिला. चार वर्षांत तिथं मुरमाची एक पाटी पडली नाही. फलकाच्या सावलीला शेळ्या मात्र बसत.

या चार वर्षांत आईनं रस्त्याचं एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, तिला पटलं. शेवटी ती माझ्यावर आणि साहेबांवर भरवसा ठेवायला शिकली. दर रविवारी ती माझ्या शेजारी बसायची आणि मूक प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून इतका वेळ पुटपुटायची की पुढचं गीत सुरू झालं तरी तिचं आमेन व्हायचं नाही. मला थोडी कीवच यायची. एवढ्याशा रस्त्यासाठी देवाला किती त्रास देते म्हातारी. तो विषय मी मंत्रालयापर्यंत नेलेला होता.

गेल्या ऑगस्टात आई गेली. सांगलीच्या दवाखान्यात चार दिवस होती, पाचव्या दिवशी सकाळी गेली. बाहेर आठवडाभर पाऊस धरलेला. माधवनगर ओलांडून गाडी गावाच्या वाटेला लागली तेव्हा मी आईच्या उशाशी बसून रडत होतो म्हणालो तर बरं दिसेल. मी फोनवर होतो. पी.ए. म्हणाला, "साहेबांना निरोप देतो. चारपर्यंत मुरमाचे दोन डंपर पाठवतो, काळजी करू नका." ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं, काठचा चिखल आप्पांच्या वेळेपेक्षा वाईट होता. मी पाळकांना सांगितलं, चारपर्यंत थांबू. तेच पाळक, आता चार वर्षं जुने झालेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हातातलं पुस्तक मिटलं. आशीर्वचन मी साहेबांसाठी ताटकळवलं होतंच, आता आईला ताटकळवलं.

चार वाजले. डंपर आले नाहीत. सव्वाचारला दारात सुभेदार येऊन उभे राहिले. सुभेदार म्हणजे कबरस्तानाला लागून ज्यांचा ऊस आहे ते शेतकरी, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. पायांत गमबूट, डोक्यावर पोत्याची खोळ. त्यांनी खोळ काढली, आईच्या पायाला हात लावला आणि मला म्हणाले,

"मास्तर, आवं कुनाची वाट बगताय? पावसानं उघाड दिलीया. चला, उचला."

मी म्हणालो, "ओढ्याकाठनं पाय घालवत नाही सुभेदार. रस्ता..."

"ओढ्याकडनं कशाला? रस्ता हाय की."

आम्ही पेटी उचलली. सडकेच्या पुलावरनं ओढा ओलांडून फलकापाशी आलो. सुभेदार फलक ओलांडून वीस पावलं पुढं गेले आणि त्यांच्या उसात शिरले. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मधोमध दोन सऱ्या मोकळ्या. नऊ फूट रुंद, उंचवट्यावरची, पाणी न साचणारी जागा, वर उसाच्या वाळल्या पाल्याचा, पाचटाचा जाड थर. पेटीच्या दोन्ही अंगांना तिघं-तिघं आरामात चाललो. कुणाचा पाय घसरला नाही. पेटी एकदाही हलली नाही. मी कान देऊन चालत होतो, आतून काहीच आवाज आला नाही. थेट कबरस्तानाच्या कुंपणाशी आलो. माझ्या चपलांनासुद्धा चिखल लागला नाही.

माती लोटताना खिशातला फोन वाजला. पी.ए. म्हणाला, "डंपर अडकलेत, पण साहेबांचा शोकसंदेश व्हॉट्सअॅपवर पाठवलाय, जमलेल्यांना वाचून दाखवा." संदेशावर साहेबांचा फोटो होता, आईचं नाव चुकलेलं होतं आणि 'रस्त्याचा प्रश्न लवकरच मार्गी लावू' असं खाली होतं. मी फोन बंद केला.

पाळकांनी आशीर्वचन दिलं. लोक पांगले. सुभेदार कुंपणाशी उभे होते. मी विचारलं, "ही वाट तुम्ही आज केली?"

"आज कशी हुईल? उसाला अकरा म्हैनं झालं. चार वर्सं झाली, लागणीच्या येळंला दोन सऱ्या सोडतोय."

"चार वर्षं? कुणासाठी?"

"मावशीसाटी. तुमचा तो पयला फलक लागला न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिशी आली. काठी टेकत, एकलीच. हितं बांधावर बसली, पानी पेली. म्हनली, सुभेदार, मला तुमच्या रानातनं एकदाच जायाचं हाय, चालंल का? मी म्हनलं, जावा की मावशी, त्यात काय इचारायचं."

फलक लागला तो दिवस मला आठवला. पाय दुखतात म्हणून आई आली नव्हती.

अकरा वर्षांत मी सरपंचापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना अर्ज दिले होते. या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं. मराठ्याच्या उभ्या पिकातून ख्रिस्त्याचं मढं कोण जाऊ देईल, असं मीच ठरवलं होतं. त्याच्या वतीनं नकार मीच दिला होता आणि तो इतक्या वर्षांत मला कधी खोटाही वाटला नव्हता. मला शरम वाटली, आणि शरमेहून जास्त राग आला. म्हणालो, "मग मला का नाही सांगितलं? ना तिनं, ना तुम्ही. मी इथं साताऱ्या-सांगलीच्या पायऱ्या झिजवत होतो."

सुभेदारांनी खोळ झटकली, परत डोक्यावर घेतली.

"मी म्हनलं हुतं तिला, मास्तरांच्या कानावर घालतो. तर म्हनली, नगा. त्याचा त्या सायबावर लय भरवसा हाय. आपुन सांगून सुटायचा न्हाई त्यो. त्याचं मी देवाला सांगतीय."

मग ते गेले. मी एकटाच आईच्या ओल्या मातीपाशी उभा राहिलो. चार वर्षं, दर रविवारी, माझ्या खांद्याला खांदा लावून ती डोळे मिटून पुटपुटत होती आणि मी शेजारी बसून तिची कीव करत होतो. मला वाटायचं, ती रस्त्यासाठी प्रार्थना करते. रस्ता तिला पहिल्याच वर्षी मिळाला होता. ती माझ्यासाठी करत होती.