हरवलं तर जागचं हलायचं नाही

आमच्याकडे पाहुणा आला, की चहा उकळेपर्यंत सारंगखेड्याचा एक किस्सा होतो. चहा पिऊन होईपर्यंत दुसरा. पाहुणा मुक्कामी असला तर विचारूच नका! दत्तजयंतीच्या यात्रेतला एक शनिवार-रविवार आम्ही दरवर्षी तिथं घालवतो, आणि परत येताना शेव, खेळणी आणि एखादा नवा किस्सा घेऊन येतो. सांगणारे आमचे हे. दाद देणारे नाना, म्हणजे माझे सासरे. आणि प्रत्येक किश्श्यात घाबरून पांढरी पडणारी बाई एकच. ती मी.

म्हणून म्हटलं, या वेळी मीच सांगते. निदान माझी बाजू तरी कळेल.

आधी परेड म्हणजे काय ते सांगते. यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. कपाळावरचे केसांचे भोवरे मोजून घोड्याची पारख होते. रविवारी सकाळी शौकीन लोक आपापले घोडे सजवून, ढोल लावून रस्त्याने मिरवतात. गळ्यात मण्यांच्या माळा, पायांत घुंगरू. आमच्या थोरल्या लेकीनं, रुत्वीनं, टीव्हीवर सव्वीस जानेवारी पाहिली आणि याही मिरवणुकीला परेड म्हणायला लागली. तेव्हापासून सगळं घर परेडच म्हणतं.

नानांकडे घोडा नाही, कधी नव्हताही. पण परेड चुकवली तर त्यांना वर्षभर अन्न गोड लागत नाही. माझं माहेर मात्र नवापूरचं. तिकडे जिकडं तिकडं पोल्ट्री. लग्नाआधी मी पाहिलेला सगळ्यात रागीट प्राणी म्हणजे कोंबडा, आणि तोही माझ्या गुडघ्याएवढा! अशा बाईला तुम्ही दोन लहान लेकरं घेऊन घोड्यांच्या गर्दीत उभं करता आणि वर हसता.

*

रुत्वी तेव्हा सहा-सात महिन्यांची. नानांनी तिला कडेवर घेतलं आणि थेट एका काळ्या घोड्याच्या तोंडासमोर नेलं. मी मागून ओढणी सावरत पळतेय, "नाना, लांबून! नाना, लांबून!"

घोड्यानं मान खाली घातली, रुत्वीच्या टोपड्याचा वास घेतला आणि असा काही फुर्र करून शिंकला की पोर नखशिखांत भिजली!

नाना मात्र खूश. "भेवू नको बेटा, घोडानी आशीर्वाद दिना तिले!"

मी ओल्या रुमालांचं अख्खं पाकीट संपवलं आणि नंदुरबारला आमच्या मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. इंजेक्शन लागेल का, ताप येईल का, आत्ता निघून येऊ का? ते शांतपणे म्हणाले, "काही होत नाही ताई. कोमट पाण्यानं पुसून घ्या."

मला जरा हायसं वाटलं. मग डॉक्टरांनी आवाज खाली आणून विचारलं, "बरं, त्या घोड्याच्या कपाळावर भोवरा एक होता की दोन?"

या जिल्ह्यात घोड्याबद्दल शहाण्यासारखं बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

*

सारंगखेड्याला जाताना आम्हाला तापीचा पूल लागतो. गाडी पुलावर चढली, की नाना काच खाली करतात, हात जोडतात आणि नदीत नाणं टाकतात. मी त्या वेळी दोन्ही पोरांचे शर्ट मुठीत धरून बसते. हे म्हणतात, "अगं, गाडीला दारं आहेत." असू देत. दाराला कडी आहे आणि पोरांना बोटं आहेत!

एका वर्षी दर्श, म्हणजे आमचा धाकटा, हट्ट धरून बसला की मी पण नदीला देणार. मी त्याच्या कमरेला मिठी मारून बसले. त्यानं हात बाहेर काढला आणि नानांच्या मांडीवर होतं ते दिलं फेकून. ते नाणं नव्हतं. तो नानांचा चष्मा होता.

दुसऱ्या दिवशी नाना परेडला चष्म्याशिवाय उभे. एकदम त्यांनी ह्यांचा दंड धरला. "देख, देख! काय चाल शे! असा घोडा जिंदगीमा नही देखा!"

हे त्यांच्या कानाशी वाकले. "नाना, गधडं शे ते. पाण्याचे ड्रम घेऊन चाललंय."

नानांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाले, "गधडं शे, पन चाल देख ना!"

*

ह्यांना माझ्या भीतीचं फार हसू येतं ना, त्यांचा एक छोटासा सांगते.

यात्रेत आकाशपाळणा असतो. मी खाली उभी राहून त्याचे नटबोल्ट बघत असते. "तू मेकॅनिक आहेस का?" असं म्हणून हे रुत्वीला घेऊन ऐटीत वर गेले. पाळणा बरोबर वरच्या टोकाला असताना जनरेटर बंद पडला. खाली माझे देव पाण्यात! मी त्या जनरेटरवाल्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पाळणा सुरू झाला, खाली आला. हे म्हणाले, "पाणी दे. रुत्वी फार घाबरली होती."

रुत्वी म्हणाली, "पप्पा, आता डोळे उघडा. उतरलोय आपण."

*

आता माझ्या नियमाचं सांगायला हवं, कारण त्यावरून मला घरात सगळ्यात जास्त चिडवायचे.

मी लहानपणी नवापूरच्या बाजारात हरवले होते. आई मला शोधत एका बाजूनं फिरत होती, मी आईला शोधत दुसऱ्या बाजूनं. दोघी रडत त्याच दुकानांना वळसे घालत होतो. शेवटी एका भाजीवालीनं मला पोत्यावर बसवलं आणि दटावलं, "आता हलायचं नाही." थोड्या वेळानं आई समोर आली. तिचं ते तोंड मला अजून दिसतं. गर्दी दिसली की आजही माझ्या हाताला घाम फुटतो, मग भोवती घोडे असोत नाहीतर माणसं.

म्हणून पोरांसाठी माझा एकच नियम. हरवलं तर जागचं हलायचं नाही. पाय जुळवायचे, हात सरळ ठेवायचे, मोठ्यानं रडलं तरी चालेल, पण हलायचं नाही. मम्मी येणार म्हणजे येणार.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात अंगणात याची रीतसर प्रॅक्टिस होते. मी दाराआड लपते, पोरं पुतळ्यासारखी उभी राहतात, मग मी येऊन हात धरते. हे खुर्चीत बसून शिट्टी वाजवायचे. चेष्टा, दुसरं काय!

मागच्या वर्षी रुत्वीनं गंमत केली. तिला माझी नक्कल छान जमते. तिनं स्वयंपाकघरातून माझ्या आवाजात हाक मारली, "दर्श, ये रे बाळा!" आणि दर्श धावत सुटला. मला एकदम धस्स झालं. उद्या असं कुणी बोलावलं तर?

मी त्याला समोर उभं केलं. "हे बघ, माझ्या आवाजात हाक आली तरी हलायचं नाही. कुणी खाऊ दिला तरी नाही. मी येऊन हात धरीन, तेव्हाच. कळलं?"

"कळलं."

संध्याकाळी नानांनी त्याला जेवायला हाक मारली. आला नाही. ह्यांनी मारली. आला नाही. मी स्वयंपाकघरातून ओरडले, तरी नाही. जाऊन बघते तर लेकरू तुळशीपाशी पाय जुळवून उभं! प्रॅक्टिस संपल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. मी हात धरला तेव्हा कुठं जेवायला आला.

नाना म्हणाले, "हाई पोऱ्या मिलटरीमा जाई."

*

टोप्यांचा किस्सा मला आवडत नाही, पण मी नाही सांगितला तर हे सांगतील.

गर्दीत पोरं लांबून दिसावीत म्हणून मी दोघांना पोपटी टोप्या घेतल्या होत्या. असा रंग की आंधळ्यालाही दिसावा! यात्रेत पोचलो आणि बघते तर काय, जिकडे तिकडे पोपटी टोप्या. कुण्या बियाणेवाल्यानं फुकट वाटल्या होत्या. मी दर्शचा हात घट्ट धरला, त्याला जिलेबी घेऊन दिली आणि तरातरा चालत सुटले.

तेवढ्यात मागून एका म्हातारीची आरोळी आली. "ओ बाई, आम्हना पोऱ्याले कोठे ली चालनी?"

मी खाली पाहिलं. टोपीखाली भलताच पोरगा! जिलेबी मात्र मन लावून खात होता.

हसू नका. त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज प्रत्येक मोबाईलवर फिरत होते. बघता बघता माझ्याभोवती माणसं गोळा झाली. कुणीतरी माझी पिशवी ओढली. मी नुसती 'टोपी, टोपी' म्हणत होते. त्यातून दर्श कुठाय, हेही मला माहीत नव्हतं. त्या दोन्ही भीतींत मोठी कुठली, हे आई असलेल्या बाईला विचारू नका.

मग तो पोरगाच बोलला. "आजी, हाई मावशी चांगली शे. जिलबी देस."

लोक हसले आणि पांगले. म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दर्श होता कुठं? टोप्या पाहून मी थबकले होते तिथंच, पाय जुळवून, हात सरळ. मी त्याला उचलून इतकं घट्ट धरलं की तो म्हणाला, "मम्मी, टोचतंय."

त्या दिवसापासून माझ्या नियमाला घरात कुणी हसलं नाही. टोप्यांना हसतात.

*

आता यंदाचा सांगते. हा ह्यांना सांगता येत नाही. सुरुवात करतात आणि मध्येच पाणी प्यायला उठतात.

रविवार सकाळ. नानांची परेड बघायची जागा ठरलेली, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली. तिथूनच घोड्यांची चाल नीट दिसते म्हणे. नाना, हे आणि रुत्वी पुढं निघाले. मागून मी आणि दर्श. त्याचा हात माझ्या हातात होता, पण नुकतीच जिलेबी खाल्लेली, पाकानं बुळबुळीत.

आम्ही रस्त्याच्या मध्यावर असताना वळणावर ढोल सुरू झाले. "आले, आले!" असा गलका झाला आणि मागून लोंढा आला. मी पलीकडं फेकली गेले. माणसांनी भराभर दोरी ताणली. मी हाताकडं पाहिलं. हातात नुसता पाक होता.

रस्ता रिकामा झाला होता. मधोमध दर्श उभा होता. पाय जुळवलेले, हात सरळ.

वळणावरून पहिले घोडे निघाले. सगळा रस्ता भरून, तोंडाला फेस, माना ताठ. ढोलाच्या तालावर त्यांचे पाय वर जात होते आणि त्या पायांपेक्षा माझं लेकरू बुटकं होतं.

"दर्श! पळ! इकडं ये!" मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आणि मान हलवली. नाही.

"पोऱ्या, आठे ये! आठे ये रे!" नाना ओरडत होते. हे ओरडत होते. दोरीजवळच्या एका माणसानं वाकून हात लांब केला, तर दर्श आणखी ताठ झाला. त्याचे ओठ थरथरत होते, गालांवरून पाणी वाहत होतं, पण पाय हलत नव्हते. मीच शिकवलं होतं तसं. माझ्या आवाजात हाक आली तरी नाही.

मी दोरीखालून गेले. कशी गेले मला माहीत नाही. मी, जी घोडा बांधलेला असला तरी लांबून वळसा घालून जाते! "ओ ताई, सरका! सरका!" कुणी लगाम खेचला, कुठला तरी घोडा खिंकाळून दोन पायांवर उभा राहिला, एका घामट गरम अंगाचा खांद्याला धक्का लागला. आणि मी दर्शचा हात धरला. तो चिकट, एवढासा हात.

आता पळायचं होतं. पण पळायला जागाच उरली नव्हती. पुढं घोडे, मागं घोडे, दोन्ही बाजूंनी घोडे. घुंगरांच्या आवाजात मला काही सुचेना. कडुलिंबाखालून हे जिवाच्या आकांतानं मला हाका मारत होते, "इकडं ये! अगं, इकडं पळ!" आणि मी खरंच त्या आवाजाच्या दिशेनं पाऊल उचललं, थेट एका घोड्याच्या छातीसमोर.

दर्शनं दोन्ही हातांनी माझा हात मागं ओढला.

"मम्मी, हालू नको," तो म्हणाला. "पप्पांच्या आवाजात हाक आली तरी नाही."