मालकांचं चालणं मी बंद केलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पोटच्या लेकीला नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही — तिथंसुद्धा मी दुसरंच काहीबाही मागून उठते. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडतेय. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

आमचं गाव बेंबळी. माझे मालक कापडाचे व्यापारी. तट्टावर गठ्ठे लादून गावोगावचे बाजार करायचे. आवाज असा, की बाजाराच्या या टोकाला ओरडले तर त्या टोकाची बाई वळून बघायची. चाळिशी उलटली आणि त्यांचा उजवा हात कापायला लागला. कापड मोजताना गज हातात ठरेना. मग पावलं बारीक झाली, आवाज बसत गेला. उंबऱ्यापाशी आले की पाय खिळल्यासारखे जागीच राहायचे. लोक बघतात म्हणून हात उपरण्याखाली झाकून भिंतीकडं तोंड करून बसायचे. एकदा म्हणाले, "मला आडात ढकल आता." हसत म्हणाले. असलं बोलणं हसत बोललेलं तुम्ही कधी ऐकलंय?

तुळजापूरच्या वैद्यांनी तपासलं. कंपवात म्हणाले. "हा जायचा नाही बाई, पण ह्यांना बसू देऊ नका. रोज सकाळी चालवा, हात हलवत, मोठ्यानं बोलत. अंग बसलं की मन बसतं. आणि एकटं सोडू नका."

एकटं सोडू नका — हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

मग आम्ही सकाळी गावाबाहेरच्या वाटेनं चालायला लागलो. पाय अडला की मी म्हणायची, "अवो, बाजार मांडा की." आणि ते ओरडायचे — "खण घ्या, लुगडी घ्या, इरकल घ्या!" त्या तालावर पाऊल सुटायचं. रानातली माणसं हसायची, हेही हसायचे. हात कापायचा थांबला नाही, पण माणूस परत आला. महादेवाच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागले. भाजीत मीठ कमी म्हणून माझ्याशी भांडले, तेव्हा मी आत जाऊन रडले — आनंदानं.

आणि मग ते दिवस आले. निजामाच्या राज्याची अखेर. बंदुका घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरायच्या. त्यांचं नावही बायका घेत नसत, नुसतं "आले" म्हणायच्या, की घराघरांतल्या चुली विझायच्या. कित्येक जण हद्द ओलांडून बार्शीकडं गेले. आम्ही कसे जाणार, ह्या पायांनी? मी म्हणायची, चालणं राहू द्या. तर हे म्हणायचे, "एक दिस बसलो की अंग लाकूड होतंय गं." म्हणून जायचो. वाटेवर धूळ उडाली तरी मी थांबून बघायची.

त्या सकाळी खरोखरच टापा वाजल्या. मी म्हटलं, वळा, घराकडं वळा. घाई केली आणि त्यांचे पाय जागीच रुतले. बाजार मांडा म्हणायचं होतं — माझाच आवाज फुटेना. त्यांचा हात माझ्या हातात होता. थरथरत होता. आणि मी —

मी हात सोडला. बाजूला ज्वारी माणसाएवढी उभी होती. तिच्यात शिरले, खाली बसले आणि तोंडात पदर कोंबला.

घोडे थांबले. "क्यूं बे, इत्ता काँपता? डर गया क्या?" हसले. कुणीतरी बंदुकीच्या दस्त्यानं त्यांचं पागोटं उडवलं. धप्प आवाज झाला, माणूस पडल्यासारखा. आणि मग मालकांनी मला हाक मारली. नावानं. उभ्या जन्मात त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. "गंगा," म्हणाले, "गंगा."

मी उठले नाही.

टापा लांब गेल्या, मग बाहेर आले. ते वाटेतच बसले होते. मी म्हटलं, "माणसं बोलवायला गेलते." त्यांनी मान हलवली. माझ्या केसांत ज्वारीचं पान अडकलं होतं. दिसलं असेल का त्यांना? एवढी वर्षं मी हेच विचारतेय स्वतःला.

दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन दारात उभे. मी म्हटलं, "वैद्यांचा निरोप आलाय. आता चालायचं न्हाय. बसूनच राहायचं."

"असं म्हणले?"

"व्हय."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. असला कुठलाच निरोप आला नव्हता.

पुढं राज्य बदललं, टोळ्या गेल्या, लोक मोकळेपणानं फिरायला लागले. हे म्हणायचे, "आता विचार की वैद्यांना." मी म्हणायची, विचारलं, नको म्हणतात. का? आता कशाची भीती होती? त्या वाटेवर ती जागा होती. तिथं पाय अडला आणि त्यांनी विचारलं, तेव्हा तू कुठं होतीस — तर? बसून ते गप्प होत चालले होते. मला ते गप्पच हवे होते. खरं तेच आहे.

मग वैद्यच एका रोग्यासाठी गावात आले आणि आमच्याकडं डोकावले. मालकांना बघून दारातच थबकले. "चालणं का सोडलंत?" तोवर मालकांचा आवाज इतका बसला होता, की तो माझ्याशिवाय कुणालाच कळत नसे. त्यांचे ओठ हलले. वैद्यांनी कान जवळ नेला, काही उमजलं नाही, तसं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतात?"

मालक म्हणाले होते, "तुमीच बंद केलं न्हवं? आता चालू द्या मला."

मी म्हटलं, "नको वाटतंय म्हणतात. दमायला होतंय."

वैद्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ बसले आणि गेले. मालक माझ्याकडं बघत राहिले. त्या डोळ्यांत राग असता तर मी सोसला असता. राग नव्हता. ते मला भ्याले होते.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नाही. पाणीसुद्धा नाही, दिलं तर प्यायचे. पुढच्या उन्हाळ्यात, दिवसभर बसून असायचे त्याच घोंगडीवर गेले.

बाईनं नवऱ्याची लई सेवा केली, असं गावात अजून बोलतात. मी ऐकून घेते.