सातबारा नसलेली पोरगी

"सातबारा आणलास का?"

मॅडमनी हे विचारलं तेव्हा मी रडत होते. ओढणीनं नाक पुसत होते. माझ्या तोंडून धड शब्द निघत नव्हता आणि त्यांना कागद पाहिजे होता.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात समुपदेशन कक्ष उघडून थोडेच महिने झाले होते. ते दिवसच तसे होते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या पेपरात रोज. कुठून तरी मदत आली आणि शेतकऱ्यांच्या मुलामुलींना मानसिक आधार द्यायचं ठरलं. चांगली गोष्ट. पण मुलगी शेतकऱ्याचीच कशावरून? म्हणून सातबाऱ्याची झेरॉक्स जोडायची. जोडली की फाईलमध्ये नाव. नाव असलं की मॅडमच्या खोलीत जाता येणार.

"आमच्यापाशी वावर नाई, मॅडम," मी म्हणाले. "मायबाप लोकाच्या वावरात जातेत."

"वडील आहेत ना?"

"हाव."

"मग काय झालं तुला?"

काय झालं तेच तर सांगायला आले होते. महिनाभर झोप नव्हती. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटवरचा आकडा वाचता येत नव्हता. मेसमध्ये ताटावर बसलं की घास तोंडातच फिरायचा. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, उठून करायचं काय. हा विचार वाढत चालला होता आणि मला त्याची भीती वाटत होती. एवढं सगळं पाठ करून आले होते. त्यातलं एक वाक्य बाहेर आलं नाही.

मॅडम हसल्या. वाईट नाही, मायेनंच हसल्या. "मजुरी करणाऱ्यांच्या मुलींना कुठलं गं डिप्रेशन! तुमच्यात कष्टाची सवय असते. अंग थकलं की झोप लागते आपोआप." मग घड्याळ पाहिलं. "आलीच आहेस तर हॉलमध्ये खुर्च्या लाव. शनिवारी आपला मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आहे."

आणि मी लावल्या. आख्ख्या हॉलच्या. डोळे पुसत, रांगा सरळ करत. त्यांनी सांगितलं याचा राग नंतर आला. मी लावल्या याचा राग अजून आहे.

खरं सांगायचं तर त्या खोलीची ओढ मला मुग्धामुळे लागली होती. मुग्धा माझी रूममेट. अकोल्याच्या वकिलाची मुलगी. दिवाळीनंतर ती पलंगावरून उठेना. खाईना, केस विंचरेना. तेव्हा कोणी तिला कागद मागितला नाही. मॅडम स्वतः होस्टेलवर आल्या. अकोल्याहून तिची आई आली, पलंगाशी दोन दिवस बसली. दर गुरुवारी अकरा वाजता मुग्धानं मॅडमकडे जायचं ठरलं. जाताना तिच्या आईनं लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "हिला एकटी नको सोडू बेटा. तू धडधाकट आहेस."

म्हणून दर गुरुवारी मी मुग्धाची बॅग घेऊन त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचे. दार लागायचं. आत पंखा, निळी खुर्ची, झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. दाराला फट होती. मॅडमचा आवाज यायचा. "बोल बाळा. घाई नाही."

घाई नाही! माझ्या जन्मात मला हे कोणी म्हटलं नव्हतं. भातकुलीकडच्या आमच्या गावात मी चालायला शिकले ती घाईतच. मायला वेचणीला जायची घाई, बापाला काम शोधायची घाई. त्या वर्षी तर कापूसच नव्हता, मग वेचणी कसली. दोघं वीटभट्टीवर गेले होते. आणि इथं एक मुलगी पंख्याखाली बसून हळूहळू रडत होती, आणि तिला कोणी उठवत नव्हतं.

मी जळायचे. तिच्या कपड्यांवर नाही, मोबाईलवर नाही. तिच्या रडण्यावर जळायचे. मुग्धा डोळे सुजवून बाहेर यायची, "चल" म्हणायची. मी तिची बॅग खांद्याला लावून पाय आपटत पुढे चालायचे. तिला कळायचं नाही. आजारी माणसाचा कोण हेवा करतं?

मी केला. आणि एकट्या तिचाच नाही.

सविता नांदगाव खंडेश्वरकडची. आमच्याच होस्टेलात. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी पेपरातल्या त्या शेतकऱ्यांसारखेच गेले होते. तिचं नाव फाईलमध्ये पहिलं. मॅडमनी मला खुर्च्या लावायला पाठवलं त्या संध्याकाळी मी मेसमध्ये तिच्यासमोर बसले होते, आणि माझ्या मनात आलं की माझा बाप गेला असता तर मलाही आत घेतलं असतं. लपवत नाही. आलं मनात. वीटभट्टीवर माझ्यासाठी राबणाऱ्या बापाबद्दल आलं.

मी सविताला तोडूनच बोलले. "तुले बरं आहे. तुले खोलीत बसाले भेटते."

तिनं भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. "कायची खोली? मले कवाच आत नाई बसवलं. पाव्हणा आला का बलावतेत, शाल घालतेत, फोटू काढतेत."

मला वाटलं खोटं बोलते. ज्याच्या ताटात तूप असतं तो सांगत नाही, असं वाटलं. हेव्यानं माणसाचे कान बंद होतात. माझे झाले होते.

शनिवारी हॉल भरला. मी लावलेल्या खुर्च्यांवर पाहुणे, प्राध्यापक, मुलं. मला स्टेजच्या कडेला पुष्पगुच्छांचा ट्रे धरून उभं केलं होतं. सविताला वर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. मग मॅडमनी माईक तिच्या तोंडासमोर धरला.

"बोल बाळा. बाबा गेले तेव्हा तुला कसं वाटलं? घाई नाही."

तोच आवाज. ज्या आवाजासाठी मी बाकावर बसून जळत होते, तो आता दोन भोंग्यांतून येत होता. सविता नारळाची शेंडी कुरतडत होती. मान खाली. हॉल वाट बघत होता, ती कधी रडते याची. पुढच्या रांगेतल्या एकानं कॅमेरा डोळ्याला लावून ठेवला होता.

सविता खरं बोलली होती. मी ट्रे खाली ठेवला. स्टेजवर गेले आणि तिचा हात धरला.

"चाल सविता. खाली चाल."

"हा काय प्रकार आहे?" मॅडम म्हणाल्या. माईक चालूच होता.

"हे इथं विचारायची गोष्ट नाई, मॅडम. तुमच्यापाशी खोली हाये. तिले दार हाये."

माझा आवाजही भोंग्यातून गेला. माझा मलाच तो ओळखू आला नाही. सवितानं शाल काढून खुर्चीवर ठेवली, नारळ त्यावर ठेवला आणि माझ्याबरोबर पायऱ्या उतरली.

होस्टेलच्या वॉर्डननी बोलावून दम दिला. घरी कळवू, खोली काढून घेऊ. खोली गेली असती तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. भीती वाटली. पण त्या रात्री महिन्याभरात पहिल्यांदा मला झोप लागली.

गुरुवार आला. मुग्धाची बॅग मी उचलली नाही. ती दाराशी थांबली. काय समजायचं ते तिला समजलं होतं बहुतेक. म्हणाली, "अगं, आज माझी वेळ तू घे ना."

चांगली मुलगी. पण मला आणखीच आग लागली. उदार व्हायलाही तिलाच परवडतं!

"उष्टी वेळ नोको मले," मी म्हणाले. "तुही तुलेच राहू दे. मले माही पाहिजे."

ती आत गेली. मी बाकावर बसले. ती बाहेर आल्यावर मी आत गेले आणि निळ्या खुर्चीत बसले. खुर्ची गरम होती अजून.

मॅडमनी चष्मा काढला. "तुझं नाव फाईलमध्ये नाही."

"नाई."

"सातबारा?"

"नाई. बाप जिता हाये. वावर नाई. अन् मले जगावंसं वाटत नाई. ते लिहा."

त्यांचा पेन हातात तसाच राहिला. बाहेर मुलं येत-जात होती, आत डोकावत होती.

"दार लावा, मॅडम."

त्या उठल्या नाहीत. मीच उठले. दार लावलं, कडी घातली आणि परत येऊन बसले. ग्लासवरचं झाकण काढून पाणी प्याले. मग बोलायला सुरुवात केली. घाई केली नाही.

पुढच्या गुरुवारी मी सविताला आत बसवलं आणि बाहेर बाकावर बसून राहिले. दाराच्या फटीला पाठ लावून, कोणी ऐकू नये म्हणून.

मुग्धाचा हेवा गेला नाही. अजून आहे, आणि तो मी जाऊ देणार नाही. जे तिला न मागता मिळालं ते माझंही होतं, हे मला त्या हेव्यानंच सांगितलं. सातबारा माझ्याकडे आजही नाही. इथून पुढे माझं दुःख ऐकायला कोणी कागद मागितला, तर मी कागद देणार नाही. आणि खुर्चीवरून उठणारही नाही.