मुहूर्ताला फिरवलेलं चाक

बाबांनी मला चाकं शिकवली ती बोटांवर, आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीत बसून. एका हाताची बोटं फाकवायची, दुसऱ्याची त्यांच्या फटींत अडकवायची. "हे बघ गो बाय, हे इकडे फिरलं की ते तिकडे. धाकट्या चाकाला दाते कमी, म्हणून ते भराभर पळतं. थोरलं सावकाश, पण जोर त्याचा." मग माझं बोट मध्ये धरून हळूच चिमटायचे. "दाते आत ओढतात, सोडत नाहीत," म्हणायचे आणि हसायचे.

बाबा गिरणीत मागावर होते. आम्ही चौघं त्यांच्या त्या दोन हातांवर जगत होतो. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. आज हरताळ, उद्या मोर्चा, आणि गिरणी बंद की आमची चूलही थंड. म्हणून त्या दसऱ्याला बाबा म्हणाले, यंदा मागाची पूजा नीट व्हायला हवी.

पूजेला चाकांवरची लोखंडी जाळी काढायची, दाते पुसायचे, कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. नारळ फोडला की मुहूर्त म्हणून माग क्षणभर चालवायचा. जाळी तशीच बाजूला. देवाला कोण कोंडणार? दरवर्षी असंच चालायचं.

माग सुरू झाला आणि माळ घसरली. ती दात्यांत गेली तर अपशकुन, सगळं वर्ष वाईट जायचं. बाबांनी सावरायला हात घातला. मला शिकवणाऱ्या माणसाने! अजून संताप येतो मला. जाऊ द्यायची होती ना मेली ती माळ चिरडून!

माग लगेच थांबवला, पण हात निघेना. तो काढायचा तर चाक उलटं फिरवायचं, म्हणजे तेच दाते पुन्हा त्याच बोटांवरून. कुणी पुढे होईना. आमच्या चाळीतले शेजारच्या खोलीतले काकाही त्याच खात्यात होते. शेवटी बाबाच त्यांच्यावर ओरडले, "फिरव रे, बघतोस काय!" काकांनी फिरवलं. संध्याकाळी आईला हे सांगताना काका आमच्या उंबऱ्यात मटकन बसले आणि ढसाढसा रडले.

उजव्या हाताची मधली बोटं गेली. मागावरची जागा गेली, हातात झाडू आला. चाळीतल्या बायका म्हणाल्या, पूजेत काहीतरी चुकलं असेल. चुकलं डोंबल! जाळी घातली नव्हती, एवढंच चुकलं.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत गुलाल उधळला, पेढे वाटले. बाबा गॅलरीत बसून होते. माझी धाकटी बहीण त्यांच्या मांडीवर चढली. "बाबा, ताईला दाखवायचात तसं चाक दाखवा ना."

सवयीने त्यांनी दोन्ही हात उचलले आणि बोटं अडकवायला गेले. उजव्या हाताला मध्ये अडकवायला काही नव्हतंच. बहिणीला ती गंमत वाटली. हसत हसत तिने त्या रिकाम्या जागेत आपलं बोट घातलं.

बाबांनी तिला इतक्या जोरात ढकललं की ती कठड्यावर जाऊन आपटली. आमच्यावर कधी आवाजसुद्धा न चढवलेला माणूस तो. ती भोकाड पसरून रडत होती, आणि बाबा तिला जवळ ओढून तिचं ते एक बोट पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते.