कापसाच्या ढिगातला ज्वालामुखी

यवतमाळ जिल्ह्यात गेल्या कोट्यवधी वर्षांत ज्वालामुखीचा एकच उद्रेक झाला, आणि तो घाटंजीजवळ माझ्या सासुरवाडीत झाला. ज्वालामुखी मी होतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिकडे गेलो होतो. माझी मुलगी ऋतुजा सातवीत. सुट्टी संपली की वर्गासमोर उभं राहून ‘ज्वालामुखी कसा होतो’ हे तिला समजावून सांगायचं होतं, आणि पुस्तकातलं एक अक्षर तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. तिने मला विचारलं. वास्तविक माझं यवतमाळला चष्म्याचं दुकान आहे. जमिनीखालच्या गोष्टींपैकी मला फक्त भुईमूग ओळखता येतो. पण मुलीसमोर ‘मला माहीत नाही’ म्हणणारा बाप अजून जन्मायचा आहे!

मी थाटात सुरुवात केली. फार फार वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली, भेगांमधून लाव्हा, म्हणजे वितळलेल्या दगडाचा रस, वाहिला, थरावर थर बसले. तो थंड होऊन काळा दगड झाला, दगड झिजून काळी माती झाली आणि त्या मातीत आबाजींचा कापूस आला. (आबाजी म्हणजे माझे सासरे. सगळं गाव त्यांना आबाजीच म्हणतं.) थोडक्यात, कापूस हा ज्वालामुखीचा पणतू. हे नातं तिला पटलं, पण एका जागी गाडी अडली.

"पण बाबा, तो रस वर येते कायले? खालीच काहून नाही राहात?"

तोंडी सांगून भागेना. तेवढ्यात माझी नजर समोरच्या खोलीतल्या ढिगावर गेली. वेचलेला कापूस विकेपर्यंत तिथे घरातच ठेवतात. माणसं अंगणात झोपतात आणि कापूस पंख्याखाली. ढीग चांगला पुरुषभर उंच होता. असा आयता डोंगर समोर असताना कागदावर चित्र कोण काढत बसणार? मी ठरवलं, डोंगर हा आणि तापलेला रस मी.

आता ढिगाला कोणी पायसुद्धा लावायचा नाही, असा आबाजींचा कडक नियम. शिवाय त्या दिवशी सलीमभाई माल पाहायला येणार होते. सलीमभाई घाटंजीचे व्यापारी. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे काही महाभाग असतात, पण आबाजींचा माल म्हणजे कोरडाच, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. या एका गोष्टीचा आबाजींना फार अभिमान. त्या वेळी ते सलीमभाईंना आणायला फाट्यावर गेले होते, म्हणजे मला मैदान मोकळं होतं.

मी पायथ्याशी बोगदा पाडून आत शिरलो आणि आतूनच शिकवू लागलो. खोल जमिनीखाली भयंकर उष्णता असते, तिथे काही दगड वितळतो. वितळलेला रस भोवतीच्या घट्ट दगडापेक्षा हलका, म्हणून वर सरकतो आणि वाटेत एका पोकळीत साठतो. तो साठलेला रस म्हणजे मी.

"बाबा, तुम्ही हलके नाही," बाहेरून शंका आली.

मी तिला पुढे वाचायला सांगितलं. रसात वायू मिसळलेले असतात, वर येताना ते सुटतात, फुगतात, वाट बंद असेल तर दाब वाढत जातो... इथवर ती वाचते न वाचते तोच माझ्यामागचा बोगदा ढासळला. पुढे कापूस, मागे कापूस, नाकात कापूस! चष्मा कुठे गेला कळेना. टकलावरून घामाच्या धारा लागल्या. आणि बाहेर आबाजींचा आवाज आला.

मी चिडीचूप बसलो. (वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सासऱ्याच्या कापसात सापडण्यापेक्षा तिथेच सरकी होऊन राहिलेलं बरं, असं मला वाटलं.) ऋतुजाही गप्प. वर ढीग कोरडा दिसला तरी व्यापारी आत खांद्यापर्यंत हात घालून पाहतो. सलीमभाईंनी रिवाज म्हणून हात घातला, आणि तो थेट माझ्या टकलावर आला. त्यांनी चाचपलं, दाबलं आणि हात बाहेर काढला.

"आबाजी, माल अंदरून ओला हाय," ते हळूच म्हणाले. "अन् गरमही लागून राह्यला."

कापूस ओला आणि गरम म्हणजे आत कुजायला लागला! आबाजी मटकन खाली बसल्याचा आवाज आला.

"मंग नका नेऊ, सलीमभाई," ते म्हणाले. "ओला माल मी इकत नाही."

तो आवाज ऐकून मला स्वतःची भयंकर लाज वाटली. जन्मभराचा लौकिक माझ्या टकलापायी बुडत होता. बाहेर पडायलाच हवं होतं, पण मागची वाट बंद, म्हणून मी वरच्या दिशेने जोर लावला. त्यातच कोंडलेली शिंक सुटली. छतापर्यंत कापूस उडाला, तिथे पंखा फिरतच होता, त्याने तो खोलीभर वाटला. सलीमभाई दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकले. सासूबाई हातात झारा घेऊन धावत आल्या. पांढऱ्या धुरळ्यात मी कमरेपर्यंत उगवलो होतो.

"आबाजी, याले उद्रेक म्हणतात," ऋतुजा शांतपणे म्हणाली. तिला सगळं समजलं होतं.

आबाजींनी मी आत काय करत होतो हे विचारलंच नाही. ते उठले, त्यांनी सलीमभाईंचा हात धरला आणि माझ्याकडे वळले.

"जवाईबापू, डोकं इकडं करा."

मी डोकं पुढे केलं. सलीमभाईंनी एकदा टक्कल दाबलं, मग शेजारचा कापूस दाबला, मग खात्री करायला पुन्हा टक्कल.

"हेच हाय," ते म्हणाले. "कापूस एकदम कोरडा."

माल विकला गेला. तेव्हापासून दरवर्षी सलीमभाई यायच्या दिवशी मला खास निरोप येतो. अंगणात मधोमध खुर्ची टाकतात, मला बसवतात आणि चहा देतात. वाटेने जाणारे म्हणतात, सासुरवाडीत काय मान आहे या माणसाला! मी खुर्चीत आहे की नाही हे दारातून दोनदा पाहिल्याशिवाय सलीमभाई कापसात हात घालत नाहीत.