बडी बाईंचा पांढरा हानफू

दारावर कोणीही आलं तरी बडी बाई आधी पदराला पिन लावायच्या आणि मगच कडी काढायच्या. गॅसवाला असो की शेजारची मी असो. नंदनवन कॉलनीतल्या आमच्या गल्लीत बायका मॅक्सीवर ओढणी टाकून भाजी घेतात, मीही घेते. बाईंना तसं कोणी पाहिलेलं नाही. त्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्तीनंतरही सगळ्यांच्या बडी बाईच राहिल्या. प्रार्थनेच्या रांगेत कुणाच्या सदऱ्याचं बटण वरखाली लागलेलं दिसलं तर प्रार्थना थांबायची. "बटन चुकलं का दिवस चुकते," असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी लग्न केलं नाही. भावाच्या घरी राहिल्या आणि भावाची मुलगी पल्लवी त्यांनीच वाढवली. नंतर त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत उजवा स्तन गेला, काखेतल्या गाठी काढल्या, आणि पुढे उजवा हात सुजला तो उतरलाच नाही. ब्लाउजची बाही दंडावर चढेना. ढिला शिवला तर खांद्यावरून घसरायचा. बाईंनी बाहेर पडणं बंद केलं. पल्लवीचं लग्न ठरलं तेव्हा भावजय म्हणाली, मॅक्सी घाला, वरून शाल घ्या, कोणाले समजते. बाई म्हणाल्या, मी येणार नाही. आवाज न चढवता म्हणाल्या, म्हणून मला ते खरं वाटलं.

आजारपणात त्या मोबाइलवर हिंदीत बोलणाऱ्या चिनी मालिका पाहायच्या. एका दुपारी मला बोलावून त्यांनी पडद्यावरची एक राणी दाखवली. "बाही पाह्य वं. माझा हात त काय, उशीबी जाईन याच्यात." त्या पोशाखाला हानफू म्हणतात. चीनचा जुना वेश. समोरच्या दोन बाजू एकमेकींवर घ्यायच्या, खाली घेरदार घागरा, आणि सगळं बंदांनी बांधायचं. हूक नाही, पिन नाही.

कोलकात्याची एक चिनी वंशाची मुलगी असे कपडे मागवून मोबाइलवरून विकत होती. बाईंनी तिला ब्लाउजची मापं कळवली: छाती, मुंढा, दंड. तिला त्यातलं काहीच नको होतं. हात पसरून एका मनगटापासून दुसऱ्या मनगटापर्यंतचं माप हवं होतं. मी बाईंना भिंतीला पाठ लावून उभं केलं. डावा हात सरळ गेला, उजवा खांद्याच्या रेषेत येईना. मी मानेच्या मधून डावीकडचं माप घेतलं आणि दुप्पट केलं. "गणित जमते तुले," बाई म्हणाल्या आणि हात खाली घेतला. त्या मुलीने छातीवर बांधायचा घागरा सुचवला, तर मला म्हणाल्या, "तिथं धराले काई उरलं हाये का? कमरेचा सांग तिले."

मी बुटीबोरीला एका कारखान्यात कापड तपासते. पॉलिएस्टर घेऊ नका, असं मी सांगितलं होतं. पण फोटोतली चमक पाहून बाईंनी पहिला तोच मागवला. एप्रिलात तो अंगाला असा चिकटला की सोडवताना मला त्यांना धरावं लागलं. पण त्याआधी एक गोष्ट झाली. माप बरोबर बसलं का ते विचारायला मी त्यांचा फोटो काढून त्या मुलीला पाठवला. तिने उत्तर लिहिलं नाही, फोन केला. हिंदीत चाचरत म्हणाली, आंटीजी, उजवी बाजू वर आली आहे. असं आमच्याकडे फक्त मेलेल्या माणसाला घालतात.

बाईंनी जन्मभर ब्लाउजचे हूक लावले होते, उजवी पट्टी डावीवर. हात तसेच वळले. त्या आरशाकडे वळल्या. "बटन चुकलं," म्हणाल्या आणि स्वतःच बंद सोडला. मग डावी बाजू वर घेतली आणि त्यांच्या लक्षात आलं, की डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे येणारी ही तिरकी रेघ आपल्या पदराचीच आहे. पुन्हा कधी चूक झाली नाही. बंद बांधता बांधता मला म्हणाल्या, "आन् मी गेली का उलटं करजो. ध्यानात रायते ना तुह्या?" मी हो म्हटलं. कामाचं बोलणं होतं.

लग्नासाठी सुती मागवला, पांढरा. त्या मुलीने पुन्हा अडवलं. पांढरा त्यांच्यात दुखवट्याचा. बाईंनी निरोप दिला, "तिले सांग, आमच्यात नवरी पांढऱ्यातच उभी रायते." आणि खरंच, पल्लवी पांढऱ्या साडीत उभी होती आणि तिची आत्या पांढऱ्या हानफूत पहिल्या रांगेत. बुद्धवंदनेला हात जोडले तेव्हा बाह्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या. उजवा हात कुठे सुजलाय ते शोधूनही दिसलं नसतं. कुणी एक मावशी मागून म्हणाली, "हे काय घातलं वं बाई?" बाई मागे वळल्या नाहीत. "कपडे," म्हणाल्या.

त्यानंतर त्या बाजारात गेल्या, विहारात गेल्या, शाळेच्या कार्यक्रमाला जाऊन आल्या. पोरं चायनावाली बाई म्हणू लागली. बाईंना चालायचं. पुढच्या थंडीत आजार परत आला आणि मग फार वेळ लागला नाही.

आंघोळ घालून झाल्यावर भावजयीने पांढरी साडी आणि जुना ब्लाउज काढला. बाही चढेना. कोणीतरी कात्री मागितली, आता काय फरक पडते म्हणून. मी कात्री बाजूला ठेवली आणि कपाटातून हानफू आणला. हात सहज गेला. भावजय तेव्हा पहिल्यांदा रडली.

मी आधी डावी बाजू आत घेतली, त्यावर उजवी.

"काकू, उलटं झालं," पल्लवी म्हणाली. माहेरी आली की आत्याला तीच तयार करत असे.

"नाही. आज असंच."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसून बंदाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. बाहेर माणसं खोळंबली होती, कोणीतरी दार वाजवलं. आम्ही गाठ बांधली, बाह्या सारख्या केल्या, आणि मग मी कडी काढली.